दोन तारखांमधलं अंतर

दुकानाच्या गल्ल्याशेजारचं ते छोटं यंत्र पैसे आल्याचं मोठ्यानं सांगतं. सगळ्या दुकानाला ऐकू जातं. पैसे गेल्याचं मात्र देणाऱ्याला कुणी असं ओरडून सांगत नाही. खिशात फोन एकदा थरथरतो, तोवर आपण पिशवी उचलून पुढच्या दुकानाकडे निघालेलो असतो. 2016 साली यूपीआय आलं. त्याआधी महिन्याची वीस तारीख उलटली की पाकीटच बोलायचं. शंभराच्या नोटा संपून दहा-वीसच्या उरल्या की हात आपोआप आखडायचा. पाकीट हे ओबडधोबड का होईना, एक मोजमाप होतं. आता खात्यात बाराशे असोत की बारा हजार, फोनचा पडदा तसाच दिसतो.

मग खर्च लिहून ठेवायचा, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. पाडव्याला किंवा एक जानेवारीला वही सुरू होते आणि पंधरा दिवसांत बंद पडते. दोष आळसाला दिला जातो. खरं कारण बहुतेक वेळा वेगळं असतं: त्या वहीत खर्चाची यादी असते, हिशेब नसतो. यादी कशाशीच जुळवायची नसते. तीन ओळी राहून गेल्या तरी काही अडत नाही, आणि राहून गेलं तरी अडत नाही असं काम माणूस फार दिवस करत नाही.

व्यापाऱ्यांनी या दुखण्यावर फार पूर्वी तोडगा काढून ठेवला आहे. रोजकीर्द. वर कालची शिल्लक, मध्ये आजची जमा आणि आजचा खर्च, खाली आजची शिल्लक, आणि ती गल्ल्यातल्या पैशांशी जुळलीच पाहिजे. जुळली की मेळ बसला, नाही जुळली तर दिवा मालवायचा नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रोजकिर्दींचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत. आणि त्याच पेशव्यांपैकी पहिले बाजीराव कर्जानं किती गांजलेले होते, त्यांचे गुरू धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी यांचं देणं डोक्यावर कसं होतं, हे त्या काळच्या पत्रव्यवहारातून दिसतं. तेव्हा वहीकडून चमत्काराची अपेक्षा नको. कीर्द चोख असूनही माणूस बुडालेला असू शकतो. वहीत काय शोधायचं हे माहीत नसेल तर असंच होतं.

शोधायची असते ती एकच गोष्ट. खर्च होतो एका तारखेला आणि पैसे जातात दुसऱ्या तारखेला. रोखीत या दोन्ही तारखा एकच असतात. वाण्याच्या उधारीत त्यांच्यात महिन्याचं अंतर पडतं, क्रेडिट कार्डावर वीस ते पन्नास दिवसांचं, हप्त्यावर घेतलेल्या फ्रिजमध्ये वर्षभराचं. शाळेची फी उलटी चालते: पैसे जूनमध्ये जातात, खर्च मात्र बारा महिन्यांचा असतो. घरातलं बरंचसं कर्ज या दोन तारखांमधल्या अंतरात वाढतं, कारण तिथे कुणाचं लक्ष नसतं. आजारपण, गेलेली नोकरी, लग्न यांनी येणारं कर्ज वेगळं. ते येताना दिसतं. न दिसता साचणाऱ्या कर्जासाठी वही.

दोनशे पानी आडव्या रेघांची वही पुरते. रकाने पाच: तारीख, तपशील, रक्कम, कशानं दिले, आणि पैसे खात्यातून कधी जाणार. चौथ्या रकान्यात एकच अक्षर. रो म्हणजे रोख, यू म्हणजे यूपीआय, का म्हणजे कार्ड, उ म्हणजे उधार. रोख आणि यूपीआय असेल तेव्हा पाचवा रकाना कोरा राहतो. कार्ड आणि उधारीला तो भरायचाच. दहा तारखेला कार्डानं घेतलेली 1,800 रुपयांची चप्पल दहा तारखेलाच खर्चात पडते, आणि पाचव्या रकान्यात पुढच्या महिन्याची, बिल भरायची तारीख येते. महिना संपला की पाचव्या रकान्यात तारीख असलेल्या आणि अजून न फिटलेल्या ओळींच्या रकमांची बेरीज करायची. ती रक्कम खात्यात दिसत असली तरी आपली राहिलेली नसते. बँकेचं ॲप जी शिल्लक दाखवतं तिच्यातून ती वजा केली की खरी शिल्लक निघते, आणि पहिल्या महिन्यात हा आकडा बघून बहुतेकांचा चेहरा उतरतो.

लिहायची वेळ ठरलेली असावी. रात्रीची भांडी झाल्यावर, किंवा फोन चार्जिंगला लावताना. पाच मिनिटं. दिवसभर फोनवर टिपत राहण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. तो चार दिवस टिकतो. यूपीआयची नोंद ॲपमध्ये आपोआप राहतेच, म्हणून रात्री ती यादी समोर ठेवून उतरवून घ्यायची. त्याच रात्री उतरवायची कारण यादीत पुष्कळदा दुकानाचं नाव नसतं, दुकान ज्याच्या नावावर आहे त्या माणसाचं नाव असतं. रिक्षावाला, भाजीवाली, झेरॉक्सवाला सगळे आडनावासकट हजर. त्या दिवशी कोण ते आठवतं, आठवड्यानंतर 140 रुपये कुणाला दिले ते देवाला ठाऊक.

तपशील इतकाच की सहा महिन्यांनी वाचला तर कळावा. ‘किराणा 2,340’ पुरे. बिलातली साखर वेगळी, साबण वेगळा, बिस्किटं वेगळी असं फोडत बसायचं नाही. बिस्किटांवर महिन्याला किती गेले हे समजून फार काही साधत नाही, पण अशी फोड करण्याच्या कंटाळ्यानं वही मात्र बंद पडते.

आता मेळ. सकाळी हातात रोख 860 होते, एटीएममधून 1,000 काढले, रोखीचा खर्च 415 लिहिला. पाकिटात 1,445 असायला हवेत. मोजले तर 1,385. साठ कमी. एवढ्यासाठी अर्धा तास डोकं खाजवायचं नाही, ‘फरक 60’ अशी ओळ लिहून पाकिटातली खरी रक्कम उद्याची सुरुवात म्हणून धरायची. फरकाला स्वतःचं खातं असू द्यावं. महिन्याचा फरक शे-दोनशेच्या आत असेल तर वही निरोगी. हजाराच्या घरात गेला तर एखादी सवय वहीच्या बाहेर राहिली आहे: बहुधा टपरी, बहुधा सुट्टे पैसे, कधी मुलांच्या हातात दिलेले.

रोज जुळवायचं ते फक्त रोखीचं. बँक खात्याचा मेळ आठवड्यातून एकदा, रविवारी. इथे फरक आला तर तो शोधलाच पाहिजे, कारण बँकेचे पैसे रस्त्यात पडत नाहीत. जुने मुनीम यासाठी दोन युक्त्या वापरायचे. फरकाला नवानं पूर्ण भाग जात असेल तर आकडे उलटेपालटे झाल्याचा संशय घ्यायचा: 540 चे 450 लिहिले की फरक 90, 1,260 चे 1,620 लिहिले की 360. शून्य खाल्लं तरी तसंच, 300 ऐवजी 30 लिहिलं की फरक 270. दुसरी युक्ती, फरकाच्या निम्मी रक्कम वहीत सापडते का बघायचं. सापडली तर जमेची नोंद खर्चात किंवा खर्चाची जमेत पडलेली असते. या दोन्हींनी नाही सुटलं तर एखादी नोंद सरळ राहून गेली आहे. मे महिन्याच्या शेवटी 436 आणि 20 अशा दोन रकमा अचानक गेलेल्या दिसतात. त्या प्रधानमंत्री जीवनज्योती आणि सुरक्षा विम्याच्या वार्षिक वर्गणीच्या. कुणीतरी कधीतरी बँकेत फॉर्मवर सही केलेली असते आणि मग विसरून गेलेलं असतं. विमा चांगला आहे, राहू द्यावा. पण खात्यातून आपोआप जाणाऱ्या सगळ्याच गोष्टी इतक्या निरुपद्रवी नसतात. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेचं पान वेगळं असतं, ते वर्षातून दोनदा उघडून वाचावं.

चुका कुठे होतात ते ठरलेलं आहे. सगळ्यात मोठी चूक कार्डाची: वस्तू घेतली तेव्हा खर्च लिहिला, आणि बिल भरलं तेव्हा पुन्हा खर्च लिहिला. एकाच चपलेचे दोनदा पैसे. बिल भरणं हा खर्च नाही, ते देणं फेडणं आहे. त्या दिवशी पाचव्या रकान्यातल्या त्या ओळींवर फक्त बरोबरची खूण करायची. एटीएममधून काढलेले पैसेही खर्च नव्हेत, खिसा बदलला इतकंच. पगाराच्या खात्यातून घरखर्चाच्या खात्यात टाकलेले पैसे तसेच. परत केलेल्या कपड्यांचे पैसे आले तर ती कमाई धरायची नाही, मूळ खर्चातून कमी करायची. चौघांच्या जेवणाचं 1,600 चं बिल एकानं भरलं आणि तिघांनी चारचारशे पाठवले, तर खर्च 400. आणि हातउसने आणलेले दहा हजार हे उत्पन्न तर मुळीच नाही. हे वाचायला बाळबोध वाटतं, पण ज्या महिन्यात पैसे उसने आणले त्याच महिन्याचा हिशेब वहीत सगळ्यात छान दिसतो. व्यापारी हिशेबात अशी रक्कम ज्यानं उसने दिले त्याच्या नावानं जमा असते, आपल्या नावानं नाही.

पहिला महिना फक्त लिहायचं. काही कमी करायचं नाही. हे पाळणं अवघड जातं, कारण लिहायला लागलं की माणूस लाजेनं चहा सोडतो, आणि मग वहीत घराचा खरा खर्च न येता शहाण्या घराचा खर्च येतो. दुसऱ्या महिन्यात तो चहा व्याजासकट परत सुरू होतो.

महिनाअखेरीला तेरीज करायची, म्हणजे सगळ्या ओळी खात्याखात्यांत वाटायच्या. आठ-दहा खाती खूप झाली: किराणा-दूध-भाजी, घरभाडं आणि बिलं, प्रवास, शिक्षण, औषधपाणी, बाहेरचं खाणं, कपडालत्ता, देणंघेणं आणि आहेर, हप्ते, इतर. ‘इतर’ हे खातं एकूण खर्चाच्या विसाव्या भागापेक्षा फुगलं की उघडून बघावं. त्यात एक न जन्मलेलं खातं लपलेलं असतं. आहेराचं खातं मात्र आपल्याकडे वेगळंच हवं. वैशाखातल्या तिथींना तीन पाकिटं आणि दोन साड्या झाल्या की बाकीच्या सगळ्या काटकसरीवर पाणी पडतं.

घरात दोघं कमावती असतील तर वही एक आणि हातखर्च दोन. दोघांना दरमहा ठरावीक रक्कम, हजार असो की तीन हजार, जिचा हिशेब कुणी कुणाला विचारायचा नाही. वहीत तिची एकच ओळ: ‘हातखर्च’. ही फट ठेवली नाही तर वही हळूहळू पोलीस ठाण्यातल्या डायरीसारखी होते आणि मग दोघंही खोटं लिहायला लागतात. सासू-सासरे किंवा आई-वडील घरात असतील तर त्यांच्या औषधांचं खातं वेगळं काढावं, पण ते जेवणाच्या टेबलावर मोठ्यानं वाचू नये.

आता वर्षाचे खर्च, जिथे बहुतेक हिशेब मोडतात. एक नमुना घेऊ. शाळेची फी 24,000. वह्या, पुस्तकं, गणवेश 6,000. आयुर्विम्याचा हप्ता 12,000. दुचाकीचा विमा आणि सर्व्हिसिंग 4,500. दिवाळी 10,000, गणपती 5,000. गावी जाणं-येणं 6,000. उन्हाळ्यात भरायचं धान्य, मसाला, वाळवणं 7,500. घरपट्टी-पाणीपट्टी 3,000. बेरीज 78,000, म्हणजे महिन्याला 6,500. यातला एकही खर्च अचानक येत नाही. गणपती कधी येणार हे कालनिर्णयावर वर्षभर आधी छापलेलं असतं. तरी दरवर्षी तो ‘या महिन्यात जरा जास्त झालं’ या सदरात मोडतो.

हेच घर दर महिन्याला असं दिसतं: पगार हातात 38,000. भाडं-किराणा-प्रवास धरून महिन्याचा खर्च 24,000. कर्जाचे हप्ते 5,500. कार्डावर पन्नास हजार थकलेले, त्याचे ‘किमान देय’ म्हणून 2,500. उरले 6,000. बरं चाललंय असंच वाटतं. मग जून येतो, दिवाळी येते, आणि कार्ड पुन्हा पुढे करावं लागतं. कळत नाही की दरमहा सहा हजार उरत असताना हे होतं कसं. वहीत वर्षाच्या खर्चाचा बारावा भाग, 6,500, दर महिन्याला टाकून बघा. सहा हजार उरत नाहीत. पाचशे कमी पडतात. नऊ-दहा महिने चांगलं चाललेलं दिसणारं घर खरं तर दरमहा पाचशेनं बुडतं आहे, आणि ते बुडणं दोन-तीन महिन्यांत एकदम वसूल होतं. घरच्या हिशेबात याच्याइतका महत्त्वाचा आकडा मला दुसरा माहीत नाही.

ते साडेसहा हजार पगाराच्या दुसऱ्या दिवशी वेगळ्या खात्यात टाकायचे. ज्याला एटीएम कार्ड नाही आणि फोनवर यूपीआय जोडलेलं नाही असं जुनं बचत खातं सगळ्यात उत्तम. आवर्ती ठेव चालते, पण तिची मुदत फीच्या तारखेआधी संपणारी हवी. पोस्टाची आवर्ती ठेव पाच वर्षांची असते, या कामाला ती लांब पडते.

कर्जाचं पान वहीच्या शेवटून सुरू करावं. एकेका देण्याला एकेक ओळ: कुणाचं, आज मुद्दल किती, व्याज कोणत्या दरानं, हप्ता किती, कोणत्या तारखेला, किती हप्ते राहिले. आत्याकडून घेतलेले बिनव्याजी पंचवीस हजारही यात हवेत, वाण्याची उधारीही. भिशीचा नंबर आपण लवकर उचलला असेल तर राहिलेले सगळे हप्ते हे कर्जच. ते बचतीत लिहिण्याची सवय अनेक घरांत आहे, ती मोडावी. ‘नो कॉस्ट’ हप्त्यावरचा फोनही इथेच. त्यात व्याज सवलतीच्या रूपानं वळतं केलेलं असतं, प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा जीएसटी बहुधा आपल्याच माथी येतो. शून्य टक्के व्याज अशी काही चीज नसते हे रिझर्व्ह बँकेनं 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं.

दर लिहिताना सगळे एका मापात आणायचे, वर्षाच्या. बचत गटात किंवा ओळखीत ‘शेकडा दोन’ म्हणतात ते महिन्याचं असतं, म्हणजे वर्षाला 24 टक्के. ‘फ्लॅट’ दर आणखी फसवा. एक लाख रुपये, 12 टक्के फ्लॅट, दोन वर्षं: व्याज 24,000, हप्ता 5,167. मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर. उतरत्या शिलकीवर मोजलं तर हा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. 1 ऑक्टोबर 2024 पासून दिलेल्या कर्जांना बँकेनं किंवा वित्त कंपनीनं मुख्य तपशिलाचं एक पत्रक द्यावं लागतं, त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर छापलेला असतो. दुकानातला विक्रेता तोंडानं जो दर सांगतो तो सोडून हा लिहायचा. परवाना नसलेल्या सावकाराचं देणं असेल तर दर आणि दिलेली प्रत्येक रक्कम तारखेसह लिहाच. 2014 च्या सावकारी नियमन कायद्यानुसार परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे, आणि सहकार खात्याच्या निबंधकाकडे तक्रार करायची वेळ आली तर हातात ही वहीच असते.

पान भरलं की कार्ड सगळ्यात वर येतं, बहुतेक नेहमीच. महिना साडेतीन टक्के हा दर सर्रास आढळतो. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे खरे 4.13 टक्के. पन्नास हजार थकले असतील तर महिन्याचं व्याज 2,065 रुपये. किमान देय म्हणून 2,500 भरले तर मुद्दल 435 रुपयांनी हललं. तेही कार्ड त्या महिन्यात वापरलं नाही तर. आणि वापरलं तर आणखी एक गोम आहे: मागचं बिल पूर्ण भरलेलं नसताना बिनव्याजी मुदत उरत नाही, नव्या खरेदीवर खरेदीच्या दिवसापासून व्याज लागतं. पाचव्या रकान्यातलं ते पन्नास दिवसांचं अंतर आता फुकटचं राहिलेलं नाही. म्हणून थकबाकी शून्य होईपर्यंत कार्ड कपाटात. ॲपमध्ये ते तात्पुरतं बंद करायची सोय असते, ती वापरावी. शॉपिंगच्या ॲपांमध्ये साठवलेला कार्ड नंबरही काढून टाकावा.

आता ठरावीक रक्कम भरत गेलं तर काय होतं ते बघू. महिन्याला 4,000 भरले तर पन्नास हजार फिटायला अठरा महिने आणि एकूण 71,800 च्या आसपास लागतात. 5,000 भरले तर चौदावा हप्ता अगदी छोटा, एकूण 65,800. हजार रुपयांच्या फरकानं चार-पाच महिने आणि सहा हजार वाचतात. कार्डाचं देणं 16 टक्क्यांच्या वैयक्तिक कर्जात बदललं तर वर्षभर 4,537 चा हप्ता, एकूण 54,440, वर प्रक्रिया शुल्क. हा सगळ्यात स्वस्त रस्ता आहे आणि सगळ्यात धोक्याचाही, कारण कर्ज घेतल्या दिवशी कार्ड रिकामं होतं. रिकामं कार्ड भरतं. सहा महिन्यांनी हप्ताही असतो आणि कार्डावर पुन्हा चाळीस हजारही. ज्या घरात तीन महिने मेळ सलग बसलेला आहे त्यांनीच हे करावं असं माझं मत आहे. सोनं तारण ठेवून कार्ड फेडणं दराच्या हिशेबानं योग्यच. पण नूतनीकरणाची तारीख कर्जाच्या पानावर मोठ्या अक्षरात हवी, सोनं लिलावात जाण्याची सुरुवात बहुतेक वेळा विसरलेल्या तारखेपासून होते.

सात टक्क्यांची मुदत ठेव सांभाळत चाळीस टक्क्यांचं कार्ड पोसणं हा आपल्याकडचा आवडता विरोधाभास. ठेव ‘मुलीच्या लग्नाची’ असते म्हणून तिला हात लावायचा नाही. मोडल्याचा दंड एक टक्क्याच्या आसपास असतो, इकडे कार्ड दर महिन्याला चार टक्के खातं. दहा-पंधरा हजार अडीअडचणीला ठेवून बाकीची ठेव मोडावी. ते दहा-पंधरा हजार मात्र हवेतच, नाहीतर पहिल्याच तापाच्या साथीत कार्ड कपाटातून बाहेर येतं.

कोणतं कर्ज आधी फेडायचं? ज्याचं व्याज जास्त ते. लहान कर्ज आधी उडवून उत्साह मिळवावा असंही सांगतात. आधीच्या हिशेबापुढे ते पटत नाही. एक अपवाद करावासा वाटतो. फोनचे दोन-तीनच हप्ते राहिले असतील तर ते संपू द्यावेत, आणि सुटलेले दोन हजार पुढच्याच महिन्यापासून कार्डाकडे वळवावेत. बिनव्याजी देणाऱ्या आत्याला शेवटी ठेवणं आकड्यांत बरोबर बसतं, नात्यात नेहमी बसत नाही. महिन्याला पाचशे का होईना पाठवत राहावं. नाहीतर पुढच्या लग्नात आत्या काही बोलणार नाहीत, आणि तेच जास्त लागेल.

आता दरमहाचा पाचशेचा खड्डा भरून कार्डाकडे तीनेक हजार जास्त जायचे तर साडेतीन हजार कुठून तरी निघाले पाहिजेत. इथे चहा-वडापाववर जो राग निघतो तो बहुतेक अनाठायी असतो. दिवसाला पंधराचा एक चहा बंद केला तर महिन्याचे 450. त्याऐवजी तेरजेतली वरची तीन खाती बघावीत. दोघांच्या दोन दुचाक्या एकाच दिशेला जातात का. घरातल्या चार फोनांवर रोज दोन जीबीचे पॅक आहेत आणि घरी वायफायही आहे का. महावितरणच्या बिलात युनिटचे टप्पे असतात, 100 च्या पुढच्या आणि 300 च्या पुढच्या युनिटांना दर चांगलाच वाढतो. म्हणून वाचवलेली शेवटची वीस-तीस युनिटं सगळ्यात महागडी असतात. घरमालकाशी नव्या करारात वाढीवर बोलून घेणं हे दहा मिनिटांचं अवघडलेपण वर्षाला काही हजारांचं असतं. आणि बाहेरून मागवलेलं जेवण: एक-एक ऑर्डर लहान दिसते, खात्याची बेरीज किराण्याच्या निम्म्यावर गेलेली असते. ते पूर्ण बंद करू नये, महिन्याला तीनदा असं ठरवावं आणि वहीत 1/3, 2/3, 3/3 असं लिहावं. मोजून करायच्या गोष्टी टिकतात, सोडून द्यायच्या टिकत नाहीत.

हप्त्याच्या तारखा पगाराच्या तारखेनंतर तीन-चार दिवसांनी असाव्यात. पगार सातला आणि हप्ता पाचला, यात दर महिन्याला हप्ता परत जातो. बँक वेगळा दंड लावते, कर्ज देणारा वेगळा. लेखी अर्ज केला तर पुष्कळ ठिकाणी तारीख बदलून देतात, कार्डाच्या बिलाची तारीखही बदलून घेता येते. ऑगस्ट 2021 पासून हप्त्यांची वजावट रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीही होते, तेव्हा ‘रविवार आहे, सोमवारी भरू’ हा हिशेब जुना झाला.

फेडणं झेपेनासं झालं तर बँकेशी आधी बोलावं, मुदत वाढवून मागावी. वसुलीवाले ‘अर्ध्यात मिटवून टाका’ म्हणून मागे लागतात. त्या तडजोडीनंतर पतअहवालात ते कर्ज ‘क्लोज्ड’ असं न दिसता ‘सेटल्ड’ असं दिसतं आणि पुढची कित्येक वर्षं प्रत्येक बँक त्या शब्दावर बोट ठेवते. सिबिलसारख्या चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तीन-तीन महिन्यांनी एकेकीचा मागवला तर वर्षभर नजर राहते.

शेवटचा हप्ता गेल्याचा एसएमएस आला म्हणून कर्जाच्या पानावरची ओळ खोडायची नाही. आधी बँकेकडून ‘देणं बाकी नाही’ असं पत्र घ्यायचं. मग खात्यावरची वजावटीची परवानगी रद्द झाली का ते बघायचं. कर्ज दुचाकीचं असेल तर आरसी बुकावर अजून बँकेचं नाव असतं; ते उतरवायला फॉर्म 35 आणि बँकेचं ना-हरकत पत्र लागतं. महिन्याभरानं पतअहवालात ते कर्ज बंद दिसतं का हे तपासायचं. आरटीओत भरलेली फी आणि झेरॉक्सचे दहा रुपये ‘हप्ते’ या खात्यात लिहायचे, चौथ्या रकान्यात रो, पाचवा कोरा.